आमची वाटचाल : पितळेची निपलं

आमचं काम एकच, चाकं बांधायची. सायकली विकत नाही हे पहिल्या दिवसापासून पाटीवर लिहिलंय, तरी रोज कोणीतरी विचारतंच. सुरुवात दोघांनी केली. मी, भागीदार, चाक अडकवायचा एक स्टँड, रिम बरोबर मधोमध आहे का ते बघायचं एक डिशिंग गेज आणि त्याने हट्टाने घेतलेलं टेन्शन मीटर, म्हणजे स्पोकचा ताण मोजायचं यंत्र. मी स्पोक छेडून आवाजावरून ताण सांगायचो, तो मीटर लावून बघायचा. बहुतेक वेळा मीच बरोबर निघायचो.

तेव्हा सगळं गिऱ्हाईक सायक्लोक्रॉसवालं, म्हणजे चिखलातून, अडथळ्यांवरून छोट्या फेऱ्यांच्या शर्यती मारणारं. 33 मिलिमीटरचे ट्यूब्युलर टायर, म्हणजे रिमवर चिकटवायचे. रिमला सोल्यूशनचा हात द्यायचा, वाळवायचा, पुन्हा हात. एका चाकामागे दोन-दोन दिवस. चिखलात पकड यावी म्हणून हवा इतकी कमी ठेवतात की चिकटवण्यात कसूर झाली तर वळणावर टायर रिम सोडतो. आम्ही चिकटवलेला एकही टायर सुटला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

मग ग्रॅव्हल आलं, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरच्या लांब शर्यती. डिस्क ब्रेक, 40 मिलिमीटरच्या पुढचे ट्यूबलेस टायर. आत ट्यूब नाही, रिमला आतून हवाबंद टेप आणि भोक बुजवायला सीलंट नावाचं पातळ द्रव. सायक्लोक्रॉसचा फेरा तीनेक किलोमीटरचा. चाक गेलं तर पिटपर्यंत, म्हणजे जादा सायकली ठेवायच्या जागेपर्यंत, धावायचं आणि दुसरी सायकल घ्यायची. डोंगरातल्या लांब कच्च्या रस्त्यावर पिट कुठलं? तिथे चाक बांधणाऱ्याची खरी परीक्षा.

त्या परीक्षेत आम्ही एकदा सपशेल नापास झालो. स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटांना निपलं म्हणतात, आम्ही ती पितळेची घालायचो. भागीदार म्हणाला, गिऱ्हाईक वजन विचारतं, निपलं अ‍ॅल्युमिनियमची घालू. दोन चाकांची 56 निपलं, वाचणार जेमतेम 40 ग्रॅम. मी मान डोलावली, ती चूक माझीच. त्याच सुमारास रिमच्या आतल्या टेपचा रोल जरा अरुंद आला होता. कडेने सीलंट झिरपून निपलांपर्यंत पोचायचं. काही सीलंटमध्ये अमोनिया असतो, तो अ‍ॅल्युमिनियमला खातो. चार महिने सगळं गोड. पाचव्या महिन्यात एका शर्यतीच्या उतारावर निपलांची डोकी उडाली. रिममध्ये खुळखुळ्यासारखा आवाज, चाक एवढं वाकडं फिरतंय की टायर फ्रेमला घासतोय. त्या हंगामात 19 चाकं परत आली.

सगळी पुन्हा बांधून दिली, पैसे न घेता. मी एकट्याने. कारण सातवं चाक आलं त्या आठवड्यात भागीदार आमच्याच एका प्रतिस्पर्ध्याकडे गेला. जाताना मीटर घेऊन गेला. त्या प्रतिस्पर्ध्याने आमच्या तुटलेल्या निपलांचे फोटो गावभर फिरवले. ती निपलं कोणाच्या आग्रहाने घातली होती, ते त्याच्याच दुकानात स्टँडवर बसलेल्या माणसाला कोणी विचारलं नाही.

टिकलो ते एका काकांमुळे. पन्नाशी उलटलेली, प्रत्येक शर्यतीत शेवटच्या दहांत. त्यांचंही चाक गेलं होतं. सायकल खांद्यावर टाकून चालत उतरले (सायक्लोक्रॉसची सवय, म्हणाले) आणि दुसऱ्या दिवशी दुकानात. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "अरे, ते राहू दे. पितळेची घाल आणि कधी देतोस ते सांग." पुढच्या हंगामात स्टार्टच्या रांगेत उभं राहून भेटेल त्याला आमचं चाक फिरवून दाखवायचे. तेवढ्यावर पाच गिऱ्हाइकं आली.

नंतरची वर्षं बरी गेली.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. टेप रिमच्या आतल्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंदच घ्या. सीलंट दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा, वाळलेलं सीलंट भोक बुजवत नाही. शर्यतीनंतर प्रेशरचं पाणी हबवर मारू नका, बेअरिंगचं ग्रीस जातं. आणि टायर चढवून हवा भरली की स्पोकांचा ताण थोडा उतरतो, तेव्हा नुसत्या रिमवरचे आकडे दाखवून फुशारक्या मारणाऱ्याकडून चाक घेऊ नका. कोणाबद्दल बोलतोय ते कळणाऱ्याला कळेल.

मी नंतर नवीन मीटर घेतलं. जुन्याची स्प्रिंग तेव्हाच ढिली पडत चालली होती, आकडा जास्त दाखवायची. भागीदाराच्या लक्षात आलं असेल की नाही, देव जाणे.