दूधगंगेपासून कणकुंबीपर्यंत: सीमाभागात बेसलाइन सर्वे आखताना

काम थोडक्यात असं होतं. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात एका मदत-विकास कार्यक्रमाचे दोन तुकडे आहेत. निपाणी, चिकोडी आणि कागवाडच्या नदीकाठी पुराची पूर्वतयारी नि उपजीविका, आणि खानापूरच्या घाटपट्ट्यात पिण्याचं पाणी नि मुलांचं पोषण. कार्यक्रम सुरू होण्याआधी आज लोकांची स्थिती काय आहे ते मोजून ठेवायचं, म्हणजे शेवटी फरक दाखवता येतो. ही मोजणी, म्हणजे बेसलाइन, आखण्यासाठी आम्ही पट्टा फिरून आलो. प्रश्नावली अजून कोरी होती आणि ती मुद्दाम कोरी ठेवली होती. माझं मत असं की बेसलाइनचं बरं-वाईट प्रश्नांवर ठरतच नाही. ते ठरतं कॅलेंडरवर आणि घरांच्या यादीवर. ऑफिसात बसून शंभर प्रश्न लिहिणं सोपं असतं. मेच्या उन्हात कोणत्या घराची कडी वाजवायची हे ठरवणं अवघड.

कोल्हापूरहून निघालात तर कोगनोळीचा टोलनाका लागायच्या आधीच कर्नाटक सुरू होतं. निपाणीत मुक्काम करा. लॉज आहेत, जेवण मिळतं, आणि वेदगंगा-दूधगंगेची गावं तिथून सकाळी गाठून संध्याकाळी परतता येतं. जत्राट-भिवशी, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड हे बंधाऱ्यांवरचे रस्ते जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याखाली जातात. मलिकवाड कर्नाटकात, दत्तवाड महाराष्ट्रात. एरवी दहा मिनिटांचं अंतर पावसाळ्यात लांबचा वळसा होऊन बसतं. गाडीचा खर्च धरताना हे लक्षात ठेवा.

या गावांत २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै या दोन खुणा प्रत्येकाच्या डोक्यात पक्क्या आहेत. ‘गेल्या पाच वर्षांत किती वेळा नुकसान झालं?’ असं विचारलं तर माणूस छताकडे बघतो. ‘२०१९ ला पाणी घरात कुठवर आलं होतं?’ म्हटलं की उठून भिंतीवर हात ठेवून दाखवतो. त्यामुळे आम्ही नदीकाठच्या गावांचे गट तिथेच पाडले. दोन्ही वेळा घरांत पाणी आलेली गावं, एकदाच आलेली, आणि पाणी फक्त शेतात थांबलेली. याला कुठलाही सरकारी कागद लागत नाही, चावडीवर अर्धा तास बसलं की पुरतं. तिथेच कोयनेतून किती सोडलंय, राजापूर बंधाऱ्यावरून किती येतंय याचे आकडे लोक तोंडपाठ सांगतात. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे पूर येतो का, हा वादही निघतो. ऐकून घ्या, मत देऊ नका.

पण पुराबद्दल विचारताना एक अडचण येते. पडलेल्या घरांचे ए, बी, सी असे वर्ग झाले होते आणि ए वर्गाला पाच लाख जाहीर झाले होते. कुणाला मिळाले, कुणाचे अडकले, कुणाचं घर चुकीच्या वर्गात गेलं. हातात टॅब घेतलेला माणूस दिसला की ही सगळी जखम उघडी पडते. कारदग्याच्या बाजूला एका मावशींनी आमच्या सोबतच्या मुलीला थेट विचारलं, “आता परत कशाला लिहून घ्यायला लागलाय? मागचंच अजून आलं न्हाई.” अशा वेळी नुकसानीचा आकडा फुगतो, आणि तो खोटेपणा म्हणायचा नाही, ती आशा असते. म्हणून पैशातलं नुकसान पहिल्या भागात विचारूच नका. आधी किती दिवस घराबाहेर होता, जनावरं कुठे नेली, निघायला कुणी सांगितलं, किती वेळ आधी सांगितलं, हे विचारा. पूर्वतयारीच्या कार्यक्रमाला मुळात हेच लागतं.

याच पट्ट्यात घरांची यादी फसवी आहे. पुरानंतर काही कुटुंबांची दोन घरं झालीत, एक जुन्या गावठाणात आणि एक वरच्या बाजूला नव्या जागेत. म्हातारी माणसं खाली, मुलगा-सून वर. पंचायतीच्या यादीत दोन घरं, चूल मात्र एकच. तुम्ही कुटुंब कशाला म्हणणार ते आधी लिहून काढा. आम्ही ‘एका चुलीवर जेवणारे आणि गेल्या सहा महिन्यांतले बहुतेक दिवस इथे राहिलेले’ असं धरलं.

ऊसतोडीचा प्रश्नही इथेच येतो. कारखान्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. बीडकडच्या टोळ्या उसाच्या फडाजवळ कोप्या (झोपड्या) टाकून राहतात. जानेवारीत सर्वे केलात तर त्यांना मोजायचं की नाही? कार्यक्रम गावच्या रहिवाशांसाठी असेल तर नाही. पण पुराच्या किंवा पाण्याच्या सोयींचा ताण मोजत असाल तर त्यांना वगळणं म्हणजे सगळ्यात हलाखीत राहणाऱ्यांना वगळणं. आम्ही टोळ्यांसाठी वेगळा, छोटा अभ्यास सुचवला. मुख्य नमुन्यात त्यांना मिसळलं तर तीन वर्षांनी फड बदललेला असेल आणि तुलना कोसळेल.

निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांचं उत्पन्न महिन्यावर विचारू नका. मजुरी हजार विड्यांवर ठरते. आठवड्यात किती हजार झाले, छाटात (नापास म्हणून) किती गेले, पानं-तंबाखू कमी मिळाली का, असं विचारलं तर आकडा जुळतो. विचारताना सासू किंवा नवरा शेजारी बसलेला नसेल अशी वेळ बघा. दुपारी तीनच्या सुमारास चार-पाच जणी एकत्र वळत बसतात, तेव्हा गटचर्चा उत्तम होते. तीच वेळ एकटीच्या मुलाखतीला मात्र वाईट.

आता तुलनेच्या गावांबद्दल, कारण इथे येणाऱ्या प्रत्येकाला हा मोह होतो. कार्यक्रम नसलेली काही गावं घेतली आणि दोन्हीकडचा बदल तपासला, तर कार्यक्रमामुळे काय झालं ते जास्त खात्रीने सांगता येतं. दूधगंगेच्या पलीकडे महाराष्ट्रातले शिरोळ आणि कागल तालुके. तीच माती, तोच ऊस, तीच भाषा, तेच सोयरे. कागदावर इतकी चांगली जोडी सापडणार नाही. तरीही ती घेऊ नका. अलीकडे, म्हणजे कर्नाटकात, ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० रुपये घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यात येतात. पलीकडे जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे १५००, आणि तेही एका घरात दोघींना मिळू शकतात. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना राज्याच्या साध्या बसचा प्रवास फुकट, पलीकडे एसटीत निम्मं तिकीट. बाईच्या हातातला पैसा, दवाखान्याला जाणं, बाजार, सगळ्यात हा फरक मिसळतो. तुमच्या कार्यक्रमाचा परिणाम कोणता आणि दोन सरकारांच्या योजनांचा कोणता, हे नंतर कुणालाच वेगळं काढता येणार नाही. तुलनेची गावं कर्नाटकातच शोधा, रायबाग किंवा अथणी तालुक्यांत कृष्णेकाठी मिळतात. आणि प्रश्नावलीत गृहलक्ष्मीची रक्कम वेगळ्या रकान्यात घ्या, गेले तीन महिने प्रत्यक्ष जमा झाली का हेही विचारा. हप्ते मागे-पुढे होतात.

जाता जाता: स्थानिक ओळखपत्र असलेल्या महिला सर्वेअर कर्नाटकच्या साध्या बसने फुकट फिरतात, कोल्हापूरहून आणलेल्यांना तिकीट पडतं. बजेटमध्ये फरक लहान, पण स्थानिक मुली घेण्याचं ते आणखी एक कारण.

चिकोडीहून बेळगावला आलो. इथे सरकारी भेटीगाठी. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला आणि जिल्हा पंचायतीला पत्र द्या, मग तालुका पंचायतीला, आणि त्यांच्या पोचेची प्रत घेऊन गावात पीडीओंकडे (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी). अर्ज कन्नडमध्ये असला की टेबलावरून लवकर हलतो. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा लॉज भरलेले, रस्त्यांवर बंदोबस्त आणि अधिकारी जागेवर नाहीत. १ नोव्हेंबरच्या आसपासही टीम गावात पाठवू नका. एकीकडे कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस, आणि अनोळखी माणसाने दारात येऊन माहिती मागायची ती वेळ नव्हे. प्रश्नावली मराठी आणि कन्नड दोन्हींत तयार ठेवा, कोणती वापरायची ते घर ठरवेल. पण ‘तुमची मातृभाषा कोणती?’ हा प्रश्न खरोखर लागत नसेल तर काढून टाका. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून इथे भाषेची मोजणी म्हणजे हद्दीची मोजणी, आणि सीमाभागाबद्दल महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात अजून आहे. तुमच्या पोषणाच्या अभ्यासाला त्यात ओढण्याचं कारण नाही.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात राज्याच्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी शिक्षक दारोदार फिरले. लोक कंटाळलेत. मुलाखत चाळीस मिनिटांच्या वर गेली की उत्तरं “व्हय, व्हय” होतात.

खानापूर वेगळं जग आहे. बेळगावहून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की ऊस मागे राहतो, भात आणि जंगल सुरू होतं. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, आमगावसारखं मुसळधार पावसाचं गाव शेजारीच, आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यावस्त्यांवर झरे आटतात, बायका कळशा घेऊन रांगेत. स्फिअरच्या (आपत्तीतल्या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय) मानकांत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरलंय, आणि पाण्याची जागा घरापासून ५०० मीटरच्या आत. लिटर विचारू नका, कळशा विचारा. प्रत्येक वस्तीत एक कळशी मापून घ्या, कारण गावागणिक आकार बदलतो.

इथे यादीचा घोळ उलटा आहे. नदीकाठी एक घर दोनदा येतं, इथे अख्खी वस्ती येत नाही. २०११ च्या जनगणनेतून महसुली गावं मिळतात, पण गवळी धनगरांचे वाडे रानात विखुरलेले असतात, त्यांची नावं त्या कागदावर सापडतीलच असं नाही. आशा ताई आणि अंगणवाडीच्या टीचर यांना मात्र प्रत्येक चूल माहीत असते. त्यांच्याकडून वस्त्यांची नावं काढा, हाताने नकाशा काढून घ्या, मग चिठ्ठ्या टाका. तरुण पोरं गोव्यात कामाला असतात, त्यामुळे आठवड्याच्या मध्ये घरात म्हातारी आणि मुलं एवढीच भेटतात.

भीमगड अभयारण्यातल्या गावांसाठी, म्हणजे गवाळी, पास्तोली, कोंगळा, कृष्णापूर, वनखात्याची परवानगी आधीच घ्या. तिथे पुनर्वसनाची चर्चा चालू असते, त्यामुळे घरं मोजणारा माणूस म्हणजे उठवायला आलेला माणूस असा समज होतो. पहिली फेरी टॅबशिवाय, गावच्या पंचांबरोबर. मोबाइलला रेंज नाही, कोबोचा (टॅबवर माहिती भरायच्या ॲपचा) फॉर्म आधीच उतरवून ठेवा, तो ऑफलाइन चालतो. अस्वलांचा त्रास खरा आहे, अंधाराआधी बाहेर पडा.

मुलांच्या दंडाचा घेर ६ ते ५९ महिन्यांच्या वयात मोजायचा. ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. मोजपट्टीच्या लाल भागात, म्हणजे ११.५ च्या खाली, आलेल्या मुलाला त्याच दिवशी कुठे पाठवायचं, गाडीचे पैसे कोण देणार, हे ठरल्याशिवाय पट्टी बाहेर काढू नका. मूल मोजून निघून जाणाऱ्या सर्वेला माझा विरोध आहे आणि तो मी बैठकीतही बोलून दाखवला.

अन्नाच्या प्रश्नांत सात दिवसांत काय खाल्लं हे विचारून गुण काढतात. नेहमीच्या मर्यादा २१ आणि ३५ आहेत (पहिलीच्या खाली आहार तुटपुंजा, दुसरीच्या वर पुरेसा), पण जिथे साखर-तेल रोज पोटात जातं तिथे २८ आणि ४२ वापरतात. साखर कारखान्यांच्या या मुलखात दिवसाला तीन चहा होतात, तेव्हा दुसऱ्याच घ्या आणि एंडलाइनलाही, म्हणजे कार्यक्रम संपल्यावरच्या मोजणीतही, त्याच ठेवा. श्रावणात विचाराल तर मांस-मासळी शून्य. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेनंतर लगेच विचाराल तर सगळा तालुका सुपोषित.

नमुन्याचं गणित: निम्मं-निम्मं प्रमाण धरून सात टक्क्यांच्या चुकीला १९६ घरं लागतात. घरं सुटी न निवडता वस्तीवार गुच्छाने घेतल्यामुळे दीडपट, म्हणजे २९४. दहापैकी एक घर बंद मिळेल असं धरून ३२७. आम्ही प्रत्येक पट्ट्यात ३० वस्त्या आणि वस्तीत ११ घरं, अशी ३३० धरली, दोन्ही पट्टे मिळून ६६०. पाच टक्क्यांचा हट्ट धरला असता तर पट्ट्यामागे ६४० झाली असती. त्या पैशात सर्वेअरना नीट शिकवणं आणि दहा टक्के घरांची फेरतपासणी जास्त मोलाची. सहा जणांची टीम, माणशी दिवसाला पाच मुलाखती, एका पट्ट्याला अकरा दिवस, शिवाय पावसाचे-जत्रेचे दोन-तीन राखीव.

वेळ आम्ही एप्रिलच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ठरवली. टोळ्या गेलेल्या, घाटातले रस्ते उघडे, पाण्याची टंचाई डोळ्यांसमोर. लग्नं आणि गावोगावच्या लक्ष्मीच्या यात्रा आड येतील, त्यांच्या तारखा पीडीओंकडून आत्ताच लिहून घ्या. अर्धपोटी महिने खरे जुलै-ऑगस्टचे, ते या मोजणीत दिसणार नाहीत, म्हणून तेव्हा नदीकाठच्या थोड्या घरांना फोनवरून फक्त अन्नाचे प्रश्न विचारायचे ठेवलेत. निधी देणाऱ्यांना अहवाल ऑक्टोबरात लागतो, तो मेच्या आकड्यांवर आरामात होतो. एंडलाइन मात्र नोव्हेंबरात उरकू असं कुणी म्हणालं तर करारातच एप्रिल-मे लिहून घ्या.