जुन्या मिनीव्हॅनचा चेक इंजिन लाईट

आमची मिनीव्हॅन २००७ ची, व्ही६ इंजिन. न्यू जर्सीत आल्यावर घेतलेली पहिली गाडी, मंडळाच्या गणपतीचं मखर, आईबाबांच्या एअरपोर्टवरच्या बॅगा सगळं हिनेच वाहिलंय, त्यामुळे ऐन इन्स्पेक्शनच्या (गाडीच्या सरकारी तपासणीच्या) तोंडावर चेक इंजिनचा दिवा लागला तेव्हा पोटात गोळाच आला. दिवा स्थिर होता म्हणून घरी आणली. लुकलुकत असता तर तिथेच बाजूला घेऊन बंद केली असती, कारण तो मिसफायर असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं.

गॅरेजवाला म्हणाला दोन्ही ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारे) बदला, ६०० डॉलर. मी म्हटलं आधी बघतो.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना डॅशबोर्डखाली गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं १६ पिनांचं ओबीडी-२ पोर्ट असतंच, त्यात साधा ब्लूटूथ स्कॅनर लावला, फोनवर कोड आले पी०१७१ आणि पी०१७४, म्हणजे इंजिनच्या दोन्ही बँकांना (सिलिंडरच्या रांगांना) मिक्स्चर लीन, हवा जास्त पेट्रोल कमी. आता दोन्ही सेन्सर एकदमच कसे जातील? दोघांत जे कॉमन आहे तिथे शोधायला नको का? कोड त्रास काय होतोय ते सांगतो, कुठला पार्ट गेला ते नाही, आणि लोकांचे पैसे जातात ते नेमके इथे.

मग फ्युएल ट्रिम बघितला, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) +२२, बायकोला पार्किंगमध्येच २५०० आरपीएमवर धरायला सांगितलं तर +५. आयडलला इंजिन हवाच थोडी घेतं म्हणून फटीतून शिरलेली हवा जास्त जाणवते, रेस केलं की तिचा हिस्सा कमी होतो. म्हणजे व्हॅक्युम लीक, शंकाच नाही.

इंजिन बंद करून टॉर्च घेऊन इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकच्या मागे हात घातला. पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या व्हॉल्व्हचा) रबरी एल्बो वरून धडधाकट, पण खालून तेल पिऊन पिऊन पिकल्या चिकूसारखा मऊ पडलेला आणि त्यात नखाएवढी चीर! नवा पाईप १४ डॉलरला आला, बसवल्यावर सूं सूं आवाज पण गेला आणि थरथर पण.

आणि हो, कोड पुसून लगेच इन्स्पेक्शनला पळू नका, त्याबरोबर रेडीनेस मॉनिटरही (गाडीने स्वतःच्या यंत्रणा तपासून झाल्याच्या नोंदी) पुसले जातात आणि ते अपुरे दिसले की गाडी परत पाठवतात. मी आठवडाभर हायवे, सिग्नल सगळं चालवली, स्कॅनरवर सगळे रेडी दिसले मगच नेली. पास झाली. ट्रिम आता आयडलला +३ आहे.