गुस्ताव बाउमनच्या पद्धतीने चार ठशांचा वुडकट: कोरीव काम संपलं, छपाई सुरू

चित्र 15 × 20 सेंमीचं: मातीची भिंत, मागे झाड, वर संध्याकाळचं आकाश. वुडकट म्हणजे लाकडी ठसा कोरून त्यावरून घेतलेला छाप; इथे प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. चारही ठसे कोरून झालेत: पिवळा, विटकरी, निळसर हिरवा आणि गडद.

पद्धत बाउमनची का, ते आधी. तो रंगीत वुडकट करणारा जर्मन-अमेरिकी चित्रकार. जन्म 1881चा, जर्मनीतल्या माग्डेबुर्गचा. 1891मध्ये कुटुंब शिकागोला आलं. पोरवयातच तो छपाईचे ठसे कोरणाऱ्या कारखान्यात कामाला लागला आणि संध्याकाळी आर्ट इन्स्टिट्यूटच्या वर्गांना जाऊ लागला. पुढे म्युनिकला जाऊन वुडकट शिकला. त्या काळी अमेरिकेत रंगीत वुडकट म्हटलं की बरेच जण जपानी वाटेने जात: पाण्यातले रंग आणि हातातली घोटणी. बाउमनने तेलाची शाई आणि प्रेस धरला. कारागिराची ही शिस्त नसती, तर त्याचे ते उजळ रंग एकमेकांत चिखल झाले असते, असं आमचं मत.

लाकूड. तो बासवूड (अमेरिकेतलं मऊ लाकूड) वापरायचा. आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारी शिवण: मऊ, आणि फुगणं-आकसणं कमी. सागाच्या नादी लागू नये, बारीक रेघेला कपचा उडतो. चारही तुकडे एकाच फळीतून, एकाच वेळी रंधलेले हवेत, जाडी 18 मिमी. अर्ध्या मिमीचा फरकही प्रेसखाली कळतो. मग ठशाखाली कागदाचे थर घालत बसावं लागतं.

चित्र उतरवणं. सगळा खेळ इथे आहे. गडद ठसा आधी कोरायचा. त्यावर भरपूर शाई लावून ॲसिटेटच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) शीटवर छाप घ्यायचा, आणि शीट ओली असतानाच, गडद ठसा ज्या चौकटीत बसवला होता त्याच चौकटीत ठेवलेल्या कोऱ्या ठोकळ्यावर घासायची. छाप दोनदा उलटतो, म्हणून दिशा आपोआप बरोबर येते. वर्तमानपत्राचा कागद इथे नको: तो शाई पितो आणि ताणला जातो, मग रेघा सरकतात. रंगाचे आकार गडद रेघेखाली अर्धा मिमी आत जाऊ द्यावेत. नाहीतर कागदाची पांढरी फट दिसते.

कोरताना तंतूंना आडवं जायची वेळ येतेच. व्ही-गाउज (व्ही आकाराच्या धारेचं कोरणं) जरा बोथट असला तर कड कापली न जाता फाटते, आणि छापल्यावर रेघेला केस फुटल्यासारखे दिसतात. झाडाच्या फांदीत हे खपून जाईल, भिंतीच्या सरळ कडेत नाही. तिथे आधी सुरीने काप देऊन मग गाउज चालवायचा.

शाई. बाउमन रंग स्वतः खलायचा. तेवढा उद्योग नको असेल तर ऑफसेटची शाई आणि ट्रान्सपरंट व्हाइट (रंग पारदर्शक, फिका करणारी शाई) चालतं. पातळ वाटली तर मॅग्नेशियम कार्बोनेट चिमूटभर. कोबाल्ट ड्रायर (शाई लवकर सुकवणारं द्रव्य) वजनाच्या दोन टक्क्यांवर जाऊ देऊ नये. वरचा थर काचेसारखा होतो आणि पुढचा रंग त्यावर धरतच नाही. क्रम फिक्याकडून गडदाकडे. दोन रंगांत एरवी दोन दिवस पुरतात, पावसाळ्यात चार-पाच लागतात. कागद कोरडाच वापरायचा. ओलावला तर चार रंगांत चार मापांचा होतो.

1910नंतर इंडियानातल्या ब्राउन काउंटीत राहून बाउमनने डोंगरांची चित्रं केली. 1915च्या सान फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. 1918मध्ये तो न्यू मेक्सिकोत आला. तिथल्या सांता फे शहराच्या संग्रहालयाने तळघरात काम करायला जागा दिली आणि तो तिथलाच झाला, 1971मध्ये वारला तोही तिथेच. मधल्या काळात त्याने लाकडाच्या कठपुतळ्याही कोरल्या. कागदावरची त्याची खूण म्हणजे हृदयाच्या आकारातला उघडा पंजा.

आपल्या कामाची एक गोष्ट कायम लक्षात ठेवण्यासारखी: तो अख्खी आवृत्ती एकदम छापून टाकत नसे. लागतील तशा थोड्या प्रती काढायचा, त्यामुळे एकाच चित्राच्या प्रतींत रंग थोडे बदलतात. हौशी माणसाला हे सोयीचं आहे, पण ठसे नीट ठेवले तरच. रॉकेलने पुसून, खाचांतली शाई दातघासणीने काढून, उभे ठेवावेत. एकावर एक आडवे रचले की वाकतात.

पिवळ्याचा हात देऊन झालाय. तो सुकला की विटकरी. भिंतीच्या वरच्या कडेशी रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) बसतं का, ते पहिल्या दोन प्रुफांत (चाचणीच्या छापांत) तपासायचं. सरकत असेल तर चौकटीच्या कोपऱ्यात पत्र्याची पातळ पट्टी घालायची, ठसा तासायचा नाही.