रोममध्ये काकू चित्रासमोरून हलेचनात

मी टूर मॅनेजर आहे, मराठी ग्रुप घेऊन युरोपला जाते. रोम येईस्तोवर लोकांना चर्चचा पार वीट आलेला असतो, "परत चर्च?" असं तोंडावर विचारतात, आणि खरं सांगू, मला त्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही. त्या दिवशी पियाझ्झा नव्होनात धो धो पाऊस आला म्हणून सगळ्यांना जवळच्या सांत अगोस्तिनो चर्चमध्ये घुसवलं.

तिथे डावीकडच्या पहिल्याच चॅपेलमध्ये चित्रकार काराव्हाज्जोचं 'लोरेतोची मॅडोना' हे चित्र आहे (मॅडोना म्हणजे येशूची आई मरिया), साधारण १६०४ ते १६०६ मधलं. डब्यात नाणं टाकलं की दिवा लागतो. मी नेहमीचं सुरू केलं, की मरियेचं घर देवदूतांनी उडवत इटलीतल्या लोरेतो गावी आणलं अशी श्रद्धा, बाकीचे चित्रकार उडतं घर नि छपरावर मरिया काढायचे, ह्याने नुसतं एक दार काढलं, गिलावा उडालेलं, आणि दारात अनवाणी आई. समोर गुडघे टेकलेले दोन गरीब यात्रेकरू, त्यातल्या बाप्याचे मळके तळवे थेट आपल्या तोंडासमोर. ह्या पायांवरून आणि म्हातारीच्या फाटक्या टोपीवरून लोकांनी भलताच गलका केला असं त्याच काळातला चित्रकार बाग्लिओने लिहून गेलाय (त्याने काराव्हाज्जोवर बदनामीची केस घातली होती, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चाला).

ग्रुपमध्ये एक काकू होत्या, आयुष्यभर अंगणवाडीत नोकरी केलेल्या. त्या मध्येच म्हणाल्या, "अगं पोर बघ केवढंय! चांगलं चालतं-बोलतं आहे. एवढं घोडं उचलून उभं राहायचं म्हणजे कंबरेचा काटा ढिला, म्हणून टेकलीय ती चौकटीला. आणि बोटं बघ, बगलेत घट्ट धरलंय, सटकतंय ते."

प्रकाश-सावलीवर मी कितीही वेळ बोलू शकते, पण पोराच्या वजनाचं कुणी काढलं नव्हतं! मग सगळ्याच बायका पुढे सरकल्या. एक काका म्हणाले, ही देवाची आई कशावरून, शेजारीण वाटते, तेवढ्यात दिवा गेला, परत नाणं टाकलं आणि डोक्यामागची केसाएवढी बारीक सोनेरी कडी दाखवली, तरी त्यांना काही पटलं नाही. काकूंचं वेगळंच, "दारात आलेल्यांना आत या म्हणत नाहीये, पण जा पण म्हणत नाहीये. हातात पोर असलं की होतं असं."

चर्चच्या दाराजवळ शिल्पकार सान्सोव्हिनोची १५२१ ची मॅडोनाची मूर्ती आहे, गरोदर बायका तिला नवस बोलतात, तिथल्या गुलाबी-निळ्या रिबिनी बघून मला काही एक्सप्लेन करावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सेंट पीटर्स चर्चमध्ये मायकलअँजेलोची पिएता, म्हणजे मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेल्या मरियेचं शिल्प. सगळे फोटोत गुंग आणि काकू मला म्हणतात, "हिला मात्र मांडीवर अख्खा माणूस घेऊन काहीच होत नाहीये." मी ते लोकल गाइडला सांगितलं, ती म्हणाली बरोबर आहे, ही मरिया उठून उभी राहिली तर मुलापेक्षा कितीतरी उंच भरेल, एवढी मोठी मांडी कपड्याच्या चुण्यांत लपवलीय.

"तरीच," काकू म्हणाल्या, आणि पाय दुखतात म्हणून कुठे बसता येईल ते शोधायला लागल्या.