एसओएलवर अखेर लॉगिन दिसलं. अडथळा सिरियलचा नव्हताच

तीन संध्याकाळी गेल्या, पण आज जमलं. (एसओएल म्हणजे सिरियल-ओव्हर-लॅन, सर्व्हरचं सिरियल कन्सोल नेटवर्कवरून दूर बसून पाहायची सोय.) मागच्या नोंदीत इथवर आलो होतो: बायोसमध्ये कॉम-टू (दुसरा सिरियल पोर्ट) एसओएलकडे, वेग ११५२००, ८-एन-१ (आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट), फ्लो कंट्रोल बंद, ग्रब या बूटलोडरचा मेनू दिसतोय. मग सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअरच बूट होऊ देणारी सोय) चालू केलं. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओळी धडाधड आल्या आणि एन्क्रिप्ट केलेली डिस्क उघडायची वेळ येताच सगळं गप्प. ना एरर, ना लॉगिन.

माझा संशय अर्थातच सिरियलवर. बीएमसीतला (सर्व्हर दुरून सांभाळणाऱ्या वेगळ्या चिपमधला) एसओएलचा वेग तपासला, तो बरोबर होता. बायोसमधलं ‘बूटनंतरही रीडायरेक्शन’ बंद केलं. त्याने ग्रबमध्ये दुहेरी उमटणारी अक्षरं मात्र थांबली, तेवढाच आनंद. मग ग्रबमध्ये ‘ई’ दाबून कर्नलचं कन्सोल टीटीवायएस-१ (लिनक्समधलं कॉम-टू) वरून टीटीवायएस-० (कॉम-वन) वर नेलं, मागच्या पोर्टला नल मोडेम केबल (दोन संगणकांचे सिरियल पोर्ट थेट जोडणारी) लावली आणि पिकोकॉम हा सिरियल टर्मिनल उघडला. (मिनिकॉम या दुसऱ्या टर्मिनलच्या मेनूंपेक्षा मला हेच आवडतं, एका ओळीत काम होतं.) तिथेही गाडी नेमकी त्याच ओळीवर थांबली.

दोन वेगळे पोर्ट एकाच ओळीवर अडतात, म्हणजे तारेत काही नाही. मॉनिटर जोडला. पडद्यावर लक्सचा (लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शनचा) पासफ्रेज मागणारी ओळ शांतपणे वाट बघत उभी!

डिस्क आपोआप उघडणाऱ्या क्लेव्हिसने तिची किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपच्या पीसीआर ७ ला (बूटची मोजमापं ठेवणाऱ्या एका नोंदीला) बांधली होती. सिक्युअर बूटची स्थिती याच पीसीआरमध्ये मोजली जाते. ती बदलली, टीपीएमने किल्ली द्यायला नकार दिला आणि डेबियनने (सर्व्हरवरच्या लिनक्सने) पासफ्रेज मागितला. पण कर्नलच्या ओळीत ‘कन्सोल=’ दोनदा असेल तर शेवटचं कन्सोल मुख्य ठरतं. माझ्याकडे शेवटी टीटीवाय-०, म्हणजे पडदा होता. म्हणून कर्नलचे संदेश दोन्हीकडे, प्रश्न मात्र फक्त पडद्यावर. क्रम उलटा केला, अपडेट-ग्रब चालवलं, एसओएलवरून पासफ्रेज दिला आणि सर्व्हर उठला. मग क्लेव्हिसचं बंधन नव्याने केलं. पुढचं बूट काहीही न विचारता पार पडलं. ते पाहताना फार बरं वाटलं.

एक लक्षात ठेवा: सिक्युअर बूटमुळे डेबियनचं कर्नल लॉकडाउनमध्ये (धोक्याचे बदल रोखणाऱ्या स्थितीत) जातं, मग सेटसिरियल या आज्ञेने पोर्टचा पत्ता किंवा आयआरक्यू (इंटरप्टचा क्रमांक) बदलता येत नाही. ते बायोसमध्येच नीट करून घ्या.

पुढचा बेत स्वतःची प्लॅटफॉर्म की (सिक्युअर बूटची मुख्य किल्ली) घालण्याचा होता. पण लिहितानाच ध्यानात येतंय की त्याने पीसीआर ७ पुन्हा बदलणार. तेव्हा आधी इनिट्रामएफएसमध्ये (डिस्क उघडण्याआधी चालणाऱ्या छोट्या सिस्टिममध्ये) ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर बसवतो, म्हणजे पासफ्रेज द्यायला दुसरी वाट राहील. त्याची होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली) मुख्य एसएसएचपेक्षा वेगळीच ठेवणार, कारण बूटचं विभाजन एन्क्रिप्ट केलेलं नाही. आणि आज रात्रीच बीएमसीत सायफर शून्य (बीएमसीत नेटवर्कवरून शिरण्याचा एक प्रकार) बंद करतोय. त्यात पासवर्ड तपासलाच जात नाही, आणि एसओएल आता थेट लॉगिनपर्यंत पोचतंय.