तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टरांशी काय बोलले?

"एडीएचडीची गोळी घेतेस ना? मग डॉक्टरांना सांगितलंस तरी काय?" एडीएचडी म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास. इथे वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या ओळखीच्या बायका, माझी भाची, ऑफिसातले दोघंजण, सगळे हे हळू आवाजात विचारतात. म्हणून एकदा सगळं सांगते.

पहिल्या वेळी माझं बोलणं फसलं. एका डॉक्टरांसमोर बसले आणि थेट म्हटलं, "मला एडीएचडी आहे, गोळी लिहून द्या." ते म्हणाले, "पदवी घेतलीत, नोकरी करता, दोन मुलं वाढवलीत. हे लहान मुलांचं दुखणं." त्या संध्याकाळी सुरसागरपाशी स्कूटर लावून मी बराच वेळ रडले. वय 41, आणि आयुष्यभर वेंधळी, धांदरट हेच ऐकत आलेले.

मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले तेव्हा रोगाचं नाव घेतलं नाही. वही नेली. एका महिन्यात लाइटबिल दोनदा भरलं आणि मुलाची फी राहिली. गॅसवर दूध ठेवून गच्चीवर गेले, पातेलं काळं झालं. मीटिंगमध्ये साहेब काय म्हणाले ते एका मिनिटात पुसलं गेलं. तारखांसकट लिहिलं होतं. डॉक्टरांनी वही हातात घेऊन शेवटच्या पानापर्यंत वाचली.

मग विचारलं, "लहानपणी कशा होतात?" डीएसएम-5 हे निदानाचं पुस्तक 2013 मध्ये आलं. त्यानुसार काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात; आधीच्या आवृत्तीत ही अट सात वर्षांची होती. पुढच्या भेटीला आईला घेऊन गेले. तिने माळ्यावरच्या ट्रंकेतून माझं तिसरीचं प्रगतिपुस्तक काढलं होतं. बाईंचा शेरा: "हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते. वस्तू हरवते." आई ते वाचून डॉक्टरांना म्हणाली, "मी हिला फार मारलंय हो." आणि माझा हात धरून बसली.

सांगायला लाज वाटते तेच आधी सांगा. माझं म्हणजे दिवसाला आठ-नऊ कप चहा, रात्री जेमतेम पाच तास झोप, आणि बाबांना पन्नाशीत आलेला हार्ट अटॅक. ही गोळी नाडी आणि बीपी वाढवू शकते, म्हणून घरात कुणाला हृदयविकार होता का, हे डॉक्टरांना कळायलाच हवं. माझा ईसीजी काढला, थायरॉईड तपासलं; विसरभोळेपणा त्यानेही येतो. घरात कुणाला दारूचं किंवा गोळ्यांचं व्यसन होतं का, हेही विचारलं. वाईट वाटून घेऊ नका. माझी गोळी म्हणजे मिथाइलफेनिडेट. तिचा गैरवापर होतो, त्यांना विचारावंच लागतं.

त्यामुळेच ही गोळी शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत येते. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक केमिस्ट ठेवून घेतो. रावपुऱ्यातल्या तीन दुकानांत ती नव्हतीच. चौथ्याने चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "बेन, ऑर्डर करवो पडशे." म्हणजे मागवावी लागेल. दोन दिवसांनी मिळाली. ॲटोमोक्सेटिन नावाचं दुसरं औषधही आहे. ते मिथाइलफेनिडेटसारखं उत्तेजक नाही, पण त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. माझ्यासाठी कोणतं, हे डॉक्टरांनी माझ्याशी बोलून ठरवलं. तुमचं वेगळं निघू शकतं. माझी गोळी मागून घेऊ नका, मी देणार नाही.

सुरुवात कमी डोसने झाली. पहिल्या आठवड्यात एका दुपारी दीड तास एकाच फाइलवर बसले आणि ती पूर्ण करूनच उठले. डोळ्यांत पाणी आलं. पण डबा तसाच परत येत होता, आणि संध्याकाळी औषध उतरलं की मुलांवर खेकसत होते. आधी वाटलं, एवढं चांगलं चाललंय, कशाला कुरकूर करा. मग वहीत लिहिलं, "डबा: चारपैकी एक पोळी. संध्याकाळी चिडचिड." ते पाहून डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली आणि नाश्ता भरपेट करायला सांगितलं. दर भेटीला बीपी आणि वजन बघतात.

आता पुढच्या भेटीसाठी वहीत एकच प्रश्न आहे: रविवारी गोळी नाही घेतली तर चालेल का?