वाघोबा संपावर

सकाळच्या सफारीत वाघ काही दिसला नाही. लेक फुरंगटली. मग ताडोबा ते चंद्रपूर गाडीत गोष्ट रचत आलो: वाघ, बिबटे, रानकुत्री सगळे संपावर! चितळं खूश. पण दोन पावसाळ्यांत गवत खुरटलं, बांबूचे कोंब फुटले की फस्त.

सांगता सांगता मलाच सकाळ आठवली. वानर वरून खेकसलं, तसं खाली पडलेला पाला खाणारं चितळ पाय आपटून, शेपटी उभारून थिजलं. कान तेवढे फिरत होते. गाईडही श्वास रोखून. (मला नेमकी तेव्हाच शिंक!)

“संप मिटवायला कोण गेलं असेल गं?”

“चितळाची आजी. पण ती पळतच परत आली हं, बाबा.”